पोपट ऐकलेलंच बोलतो

पूर्वी वेत्रवती नगरीत सुबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व पोपटाच्या योनीत जन्मले आणि मल्लिक नावाच्या अत्तरवाल्याच्या दारातल्या पिंजऱ्यात राहू लागले. मल्लिकाकडे त्याच्या मेलेल्या भावाचे दोन मुलगे होते. थोरला उत्तिय, नुकतीच मिसरूड फुटू लागलेला, आणि धाकटा पुण्ण.

अत्तर सांडले की मल्लिक उत्तियला वेताने मारी. लोकांना कळले तर ते थांबवतील, असे बोधिसत्त्वांना वाटले. एकदा ते उत्तियच्या आवाजात ओरडले, "काका, नका मारू."

शेजारी धावत आले. उत्तिय तेव्हा नदीवर गेला होता.

"कुणाला मारताय, मल्लिकदादा?"

"मारतोय कुणाला? पोपट आहे. नक्कल करतो मेला."

सगळे हसले. पुढे त्या घरातून ओरडणे ऐकू आले की गल्लीत कुणीतरी म्हणे, "लागला बघ पोपट बोलायला."

एका दुपारी उत्तिय खूप वेळ ओरडला. कुणी आले नाही. मग तो ओरडायचा थांबला.

"जिन्यावरून पडला," मल्लिकाने लोकांना सांगितले. आत येऊन त्याने पुण्णचा गळा धरला आणि जे बजावले ते बोधिसत्त्वांनी ऐकले. आपल्या नकलेपायी मुलगा गेला, या दुःखाने त्यांनी बोलणेच सोडले.

काही दिवसांनी पुण्णच्या हातून कुपी फुटली. मल्लिकाने वेत उचलून दार लावले. मुलाचा आवाज काढून आता उपयोग नव्हता. बोललो तर जीव जाईल, हेही बोधिसत्त्वांना ठाऊक होते. त्यांनी मल्लिकाचाच आवाज काढला.

"कुणाला सांगितलंस तर उत्तियसारखा तुलाही मारून टाकीन."

समोरच्या अंगणात धान्य पाखडणाऱ्या शेजारच्या विमलाच्या हातातले सूप खाली पडले.

"अहो, पोपट ऐकलेलंच बोलतो," ती गल्लीतल्या लोकांना ओरडून म्हणाली.

मल्लिक बाहेर धावला. त्याने पिंजऱ्यात हात घालून बोधिसत्त्वांची मान मुरगळली. तेवढ्यात लोक आत शिरले. पुण्ण जिवंत होता.

ही कथा भिक्षूंना सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो पोपट मी होतो. पुण्ण म्हणजे मागे बसलेला हा लहानगा, नवदीक्षित श्रामणेर. गल्लीतले लोक तुम्ही सगळे."

"आणि माझा दादा?" श्रामणेराने विचारले.

शास्त्यांनी त्याला जवळ बोलावून बसवले.

"तो इथे नाही," ते म्हणाले. "मूल ओरडताना ऐकू आले, तर पोपट असेल म्हणून बसून राहू नका. उठून बघा. पोपटच निघाला, तर हसत परत या. त्या उठण्याला करुणा म्हणतात."