धामणीची कात

एका राज्यात शूरभान नावाचा राजा होता. कालजंघ मांत्रिकाने त्याच्या एकुलत्या एक लेकीला, हेमकळेला, शापाने दगड केले आणि जाताना एक सोनेरी धामण राजाच्या पुढ्यात सोडली. म्हणाला, "हिने तुझ्या घरी अखंड कात टाकली, तर मुलगी उठेल. ही मेली, तर मुलगी गेली."

आता सांगा, अशा पाहुणीला कसे जपावे? त्या शहाण्या नगरीने काय केले ते ऐका. पुरोहिताने तिच्या तोंडाशी दुधाची वाटी धरली, डोक्यावर हळदकुंकू ओतले. गारुड्याने पुंगी फुंकली. दर्शनाची रांग वेशीपर्यंत गेली. ज्या जिवाला दूध पचत नाही त्याला दूध पाजायचे, आणि वर त्याला भक्ती म्हणायचे. नुसता संताप येतो.

आठव्या दिवशी धामण निपचित पडली. तेव्हा खिडकीत बसलेली एक साळुंकी बोलली, "राजा, पूजा करून मारतोस तिला."

राजाने हात जोडले. "मग काय करू?"

"तीन कामे, तीही स्वतःच्या हाताने. तिला डुंबता येईल एवढे स्वच्छ पाणी दे. एकीकडे ऊन, एकीकडे सावली दे. आणि तुझ्या कोठारातला उंदीर दे. मग तिला शिवू नकोस."

राजाने कुंकू धुतले, घंगाळ भरले. उन्हात काळी फरशी मांडली, सावलीला खापरे रचली. उंदरासाठी मात्र तो कोठारात दोन प्रहर रांगला, तेव्हा एक हाती लागला.

"देवाला उंदीर? राज्य बुडेल," पुरोहित कडाडला.

"लेक माझी आहे," राजा म्हणाला आणि त्याने दार लावून घेतले.

पंधरवड्याने धामणीचे डोळे दुधाळ झाले. वैद्यबुवा अंजन घेऊन धावले.

साळुंकी म्हणाली, "आंधळी नाही झाली ती. कात टाकायची वेळ आली. थांबा."

धामण खापरांवर अंग घासू लागली. अर्धी कात निघाली आणि अडकली. राजाचे हात शिवशिवले. जरा ओढले की लेक उठेल, असे त्याला वाटले. पण फाटली तर? त्याने हात पाठीमागे घट्ट धरले आणि तो रडत उभा राहिला. दिवस कलला तेव्हा कात नाकापासून शेपटीपर्यंत अखंड उतरली.

हेमकळेने डोळे उघडले. शाप सुटला. लगेच पुरोहित तबक घेऊन आणि दरबार हार घेऊन तिच्या पाया पडायला धावले.

राजा आडवा उभा राहिला. "कोणी हात लावायचा नाही." मग वळून म्हणाला, "बाळ, तुला काय हवंय?"

"पाणी," ती म्हणाली. राजाने स्वतः आणून दिले.

हेमकळेचे दिवस पालटले, तसे साऱ्या मुक्या जिवांचे पालटोत. आणि भक्तांना थोडी अक्कल येवो.