आनशीची वीत

आंबेघोळच्या वहाळावर पलीकडे जायला साधा लाकडी साकवसुद्धा नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. म्हणजे फार फार वर्षांपूर्वीची. पाऊस लागला की वहाळ फुगायचा आणि गाव जगापासून तुटायचं. तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि चौथ्या बाजूने ढग आत शिरले की त्यांना बाहेर पडायची वाट सापडायची नाही. आमच्यासारखा पाऊस दुसरीकडे कुठे पडतच नाही, असं आंबेघोळचे लोक अजून छाती काढून सांगतात. पावसाचासुद्धा अभिमान बाळगणारी माणसं ती.

या गावात प्रत्येक घरात स्वयंपाकाच्या जागेमागे फणसाच्या लाकडाच्या फळ्या असायच्या, भिंतीला घट्ट टेकवून खुंट्यांवर बसवलेल्या. पावसाळ्याची सगळी बेगमी त्यांवर. कोकमं, कुळीथ, पापड, फणसपोळ्या, मसाल्याच्या बरण्या, सुकटीची मडकी. आणि पावसाने जोर धरला की फळ्यांवर बुरशी यायची. आधी लाकडावर पांढरी, मग हिरवी, मग ती लाकडावरून उठून पापडांवर जाऊन बसायची.

आता बुरशी ओलाव्याने येते, हे कोणाला माहीत नाही? पण आंबेघोळात तेव्हा ती सुनेच्या हयगयीने यायची. भादव्यात गौर घरी आली की तिला घरभर फिरवायचे, चूल दाखवायचे, भाताची कणगी दाखवायचे आणि फळ्याही दाखवायचे. मागून गावातल्या बायका असायच्याच. गौरीच्या नजरेला बुरशी पडली की त्या सुनेला माहेरी पोचवायचे, आणि परत आणायला मग कोणाला सवड व्हायची नाही.

म्हणून सगळ्या जणी बुरशी लपवायच्या. ओल्या फडक्याने फळी पुसायची, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि पुढे जुनं लुगडं टांगायचं. बुरशीला आणखी काय हवं होतं? पाणी मिळालं, तेल मिळालं, वर पडदाही मिळाला. ती बाळंतिणीसारखी आरामात राहायची.

अशा गावात चिमाबाईच्या घरी आनशी सून म्हणून आली. चिमाबाई मोठ्या तोऱ्याची बाई. तिच्या फळ्यांवर कधी डाग दिसला नाही, असं गाव म्हणायचं आणि चिमाबाई ते ऐकून घ्यायची. तिचा मुलगा धाकू, म्हणजे आनशीचा नवरा, अंगाने धट्टाकट्टा होता, पण त्याच्या तोंडात एकच शब्द होता, ‘उद्या’. शिमग्यात एका फळीखालच्या खुंट्या मोडल्या, तेव्हा त्याने ती फळी सुंभाने छपराच्या वाशाला टांगली आणि म्हणाला, “आजच्या दिवस ऱ्हाऊ दे, आये. उद्या ठोकतो.” पावसाळा आला तरी ती तिथेच लोंबत होती. चिमाबाईच्या कपाळाला ती रोज लागायची आणि धाकूचा रोज उद्धार व्हायचा.

त्या वर्षी पावसाने कहर केला. उघडीप म्हणून कशी ती मिळेना. मुसळाला बुरशी आली, नांगराला आली. गुरवाने देवळातल्या ढोलावर टिपरी मारली तर हिरवा धुरळा उडाला, असं म्हणतात. गावचा प्रमुख, गावकार, दुपारचा झोपून उठला तेव्हा त्याच्या मिशांवर हिरवळ उगवली होती, असंही म्हणतात. गावकारांच्या घरचे हे नाकारतात, आणि त्यांनी नाकारायलाच हवं.

गौर जवळ आली तशी चिमाबाईने आनशीला समोर उभं केलं. “हे बघ, आनशे. गवरीनं फळीवर बुरशी बघितलीन तर तुला म्हायेरी पोचवीन मी. मंग माज्या दारात यायचं न्हाय.”

आनशीच्या माहेरी होतं कोण? एक भाऊ, आणि त्याच्या घरात त्याच्याच पोरांना पोटभर मिळत नव्हतं. ती फळ्या पुसत राहिली. सकाळी पुसलेली फळी संध्याकाळी पुन्हा हिरवी व्हायची. रडून उपयोग नव्हता, तरी ती रडली.

एके दुपारी ती कुळीथ काढायला गेली. कुळथाचं मडकं धाकूच्या लोंबत्या फळीवर होतं. तिने हात फिरवला तर हाताला काही लागलं नाही. फळी कोरडी होती. तिने वास घेतला, तर नुसत्या लाकडाचा वास आला. मग तिने फळी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत हात घातला. बोटं पसरली तर अख्खी वीत मावली, आणि छपराखालून येणारा वारा बोटांना लागला. तिने शेजारच्या फळीमागे हात घालून पाहिला तर तो जाईचना. भिंतीतून पाणी झिरपत होतं आणि टेकलेल्या फळ्या ते पीत होत्या. ज्या फळीपायी धाकूने इतक्या शिव्या खाल्ल्या, तेवढीच एक सुटी होती म्हणून धड राहिली होती.

आनशी धावत धाकूकडे गेली. “अवो, ती फळी ठोकू नका. बाकीच्या खाली काढा आणि तशाच टांगा!” जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याला ‘करू नका’ म्हणत होतं. धाकूने तेवढंच ऐकलं आणि तो खुशीत पान खायला बसला.

चिमाबाईने मात्र सगळं ऐकलं आणि फळ्यांपुढचं लुगडं अजून घट्ट ओढून घेतलं. “फळ्या भायेर काढायच्या? लोकांना दावायच्या? येडी का खुळी तू?”

गौर यायच्या आदल्या दिवशी सकाळी जरा उजेड वाटला. आनशी एवढा वेळ थांबली होती, आता नाही थांबली. तिने लुगडं ओढून टाकलं, सामान उतरवलं, फळ्या एकेक करून उचलल्या आणि घरापुढच्या खळ्यात नेऊन उभ्या केल्या, बुरशीची बाजू समोर करून. तेव्हा ढगाला परातीएवढं भोक पडलं आणि ऊन नेमकं चिमाबाईच्या खळ्यात उतरलं. शेजारच्या खळ्यात पाऊस चालूच होता, असं म्हणतात.

खळ्याच्या दगडी गडग्यापलीकडे बायका जमायला वेळ लागला नाही. पुढे गावकारीण, तोंडाला पदर लावून. चिमाबाईच्या घरची बुरशी! वर्षभर पुरेल एवढी बातमी होती ती.

“आनशे, आत घे!” चिमाबाई दारातून ओरडली. “लोक बघतायत!”

“बघू दे, आत्याबाई,” आनशी म्हणाली. तिने फळीवरचा हात काढला नाही. “ऊन पण बघतंय.”

चिमाबाई आत वळली. सगळ्यांना वाटलं, आता सुनेचं गाठोडं बाहेर येतंय. आनशीलाही तसंच वाटलं आणि तिने डोळे मिटून घेतले. पण चिमाबाई बाहेर आली ती एक फळी छातीशी धरून. कणगीमागची, सगळ्यांत खालची. तिच्यावरची बुरशी हिरवीसुद्धा राहिली नव्हती, काळी झाली होती.

“ही माजी,” चिमाबाई म्हणाली. “सून म्हणून आले तवापासनं लपवलीय. गवर दावताना हिच्याम्होरं मी उभी ऱ्हायचे. मलापण असंच म्हणाली व्हती माजी सासू.” तिने फळी आनशीच्या फळ्यांशेजारी ठेवली आणि तिथेच खाली बसली.

कोणी हसलं नाही. हसणार कोण? गावकारणीने पदर खोचला, घरी गेली आणि आपल्या फळ्या उचलून बाहेर आणल्या. तिने त्या स्वतःच्या खळ्यात ठेवल्या तसं ऊन गडगा ओलांडून तिच्याकडे गेलं. मग तिसऱ्या घरी, मग वरच्या वाडीत. जिथे फळी बाहेर आली तिथे ऊन आलं. दुपारपर्यंत तिन्ही बाजूंच्या डोंगरांवर काळोख करून पाऊस कोसळत होता आणि मधोमध अख्खं आंबेघोळ उन्हात होतं, असं म्हणतात. बायकांनी काथ्याने फळ्या खरवडल्या, कोरड्या राखेने घासल्या, घरात नारळाच्या सोडणांची आणि कडुनिंबाची धुरी केली. मग फळ्या सुंभाने टांगायला हवा माणूस. ते काम गावात एकालाच येत होतं. त्या दिवशी धाकूला ‘उद्या’ म्हणायची सोय राहिली नाही. घरोघर फिरून त्याचे खांदे भरून आले.

दुसऱ्या दिवशी गौर आली. चिमाबाईच्या घरात तिला सगळ्या फळ्या दाखवल्या, कणगीमागचीसुद्धा. कोणीतरी हळूच म्हणालं, “कोपऱ्यात डाग हाय की जरा.”

“हाय तर हाय,” चिमाबाई ताठ मानेने म्हणाली. “सुनेनं उन्हात वाळवलेला डाग हाय तो.”

तेव्हापासून आंबेघोळातून फळीपायी एकही सून माहेरी गेली नाही. आनशी म्हातारी होऊन गेली, पण तिचं नाव गावाने उतरू दिलं नाही. आजही पावसाळ्यात उघडीप झाली की ज्याला ऊन आधी दिसेल तो हाळी देतो, “आनशीचं ऊन आलं!” मग कोणी जेवत असो की भांडत असो, फळ्या खळ्यात येतात, डागांसकट, सगळ्यांसमोर. शहरातून आलेले पाहुणे बघतच राहतात. गावाला त्याचं काही वाटत नाही.

आणि घरात नवी सून आली की माप ओलांडल्यावर तिला आधी देवासमोर नेतात आणि मग फळीपाशी. ती फळीमागे हात घालते आणि बोटं पसरते. त्या फटीला गावात आनशीची वीत म्हणतात. सासू शेजारी उभी असते. गौर बोळवली त्या संध्याकाळी चिमाबाईने आनशीचा हात धरून जे विचारलं होतं, तेच ती विचारते.

“हात जातो काय गो?”

“जातो, आत्याबाई.”

“तर मंग ऱ्हा. हे घर तुजं.”