टिटवीआजीची पट्टी

बाभळीसुद्धा बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. खारीच्या बाळाला भेट म्हणून सुगरण आणि नजर गेलेली टिटवीआजी क्रोशाने पट्ट्यापट्ट्यांचं दुपटं विणत होत्या. आजीच्या पिवळ्या पट्टीवरचे लोकरीचे टपोरे दाणे लहानमोठे झाले. सुगरणीला ते खटकलं. आजीच्या नकळत तिने ती पट्टी उसवली आणि स्वतः बाकीच्या पट्ट्यांसारखी सुबक विणली.

बारशाला दुपट्याचं फार कौतुक झालं. खारीने विचारलं, "आजी, तुमची पट्टी कुठली हो?"

आजी हौसेने पुढे आली. चोचीने एकेक पट्टी चाचपू लागली. पुन्हा चाचपली.

"अगं सुगरणी, माझी सापडतच नाही बघ," ती कसनुसं हसली.

पिवळी पट्टी समोरच होती, पण सुगरणीला ती दाखवायचा धीर झाला नाही.