राजाने नेलेला पाळणा

फार फार मागची गोष्ट, इतकी मागची की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्या राजाला जुन्या वस्तूंचं वेड होतं. कुणाच्या घरचा रंगीत पाट, कुणाच्या देव्हाऱ्यातला लाकडी नंदी, कुणाची झिजलेली रवी, दिसली की उचललीच. फुकट घ्यायचा नाही हो, बदल्यात नवीकोरी वस्तू द्यायचा. पण जुनी ती राजवाड्यातल्या दालनात जायची आणि दाराला कुलूप लागायचं. लोक इतके धास्तावले होते की राजा गावात आला म्हटलं की म्हाताऱ्या माणसांनासुद्धा ओसरीवरून आत बोलवायचे.

एका गावात सगळ्या गावाचा मिळून एकच पाळणा होता. ज्या घरी बाळ होई तिथे बाराव्या दिवशी तो वाजतगाजत जायचा. पुढे दुसऱ्या घरी बाळ झालं की तिकडे. त्या वेळी तो साळू नावाच्या सुनेकडे होता. पहिलंच मूल तिचं, ते नुसतं शिंकलं तरी ही हातातलं काम टाकून धावायची.

राजा नेमका तिच्या दारात आला. पाळण्याचं लाकूड मधासारखं तांबूस, तुकतुकीत. कठड्यावर बारीक बारीक खाचा. राजा वाकून वाकून बघायला लागला. "ही नक्षी कुठल्या कारागिराची?" त्याने विचारलं.

साळू पदर सावरत म्हणाली, "ही आमच्या मालकांची, महाराज. त्यांना दात येत होते तेव्हाची. तिच्या खालची मामंजींची."

प्रधानाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. राजाचं वेड मात्र जास्तच चढलं. शिपायांनी निजलेलं बाळ उचलून साळूच्या हातात दिलं आणि पाळणा गाडीत घातला. दुसऱ्या दिवशी चांदीच्या घुंगरांचा नवा पाळणा आला.

त्या पाळण्याला रंगाचा वास यायचा. बाळ जरा पेंगलं की घुंगरू वाजायचे आणि ते दचकून उठायचं. ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. शेजारणीने घुटी दिली, कुणी मीठमोहऱ्या ओवाळल्या. आमच्या वेळी नव्हती बाई अशी रडकी पोरं, असं सासूचंही म्हणून झालं. पण बाळ झोपेना. दूध कमी झालं, डोळे खोल गेले. साळूच्या जिवाचं पाणी पाणी झालं. शेवटी तिने बाळाला पोटाशी बांधलं, तेलाची बुधली घेतली आणि तडक राजवाडा गाठला.

तिथे राजाच डोक्याला हात लावून बसला होता. पाळण्याखाली लाकडाचा भुसा पडला होता. रंग फिका झालेला, कठड्याला चीर गेलेली. सुतार येऊन गेले, वैद्यांनी लेप लावले, काही उपयोग नाही. राजा तर रोज रेशमी फडक्याने पाळणा पुसायचा आणि दुसऱ्या कुणाला बोटही लावू द्यायचा नाही.

साळू म्हणाली, "महाराज, याला यात निजवू द्या. पोर झोपेवाचून वाळलंय."

"आणि त्याने ओला केला तर?"

"करील की. सगळ्यांनीच केलाय. त्याशिवाय का हा रंग चढलाय?"

आल्यागेल्या राजेमहाराजांना त्या रंगावरून हात फिरवून दाखवणाऱ्या राजाने आपला हात गुपचूप शेल्याला पुसला.

तेवढ्यात बाळाने असा टाहो फोडला की पहारेकऱ्यांनी भाले टाकून कान झाकले. राजा कळवळून म्हणाला, निजवा बाई, पण गप्प करा. बाळाला पाळण्यात ठेवलं मात्र, ते मुठी उघडून गाढ झोपलं.

मग साळू तिथेच राहिली. रोज सकाळी बाळाला तेलाने माखायची, अंगाई म्हणायची. बाळाच्या गालांवर लाली आली. आणि नवल म्हणजे भुसा पडायचा थांबला, लाकूड पुन्हा तुकतुकायला लागलं. कुठलं औषध घातलंस, असं राजाने विचारलं.

"औषध कुठलं, महाराज. पोराला माखून झालं की तेलाचे हात इथेच पुसायचे. आमच्याकडे सगळ्याच बाया पुसतात."

तेवढ्यात गावाहून निरोप आला. शेजारची सून बाळंत झाली होती, बारसं जवळ आलं होतं, पाळणा हवा होता. राजाने पाळण्याला मिठीच मारली. साळूला म्हणाला, तूच इथे राहा, जन्मभर राहा, खायला-प्यायला कमी पडू देणार नाही.

"राहीन, महाराज. पण पोर मोठं झालं की यात मावायचं नाही. मग कुणाला माखून हात पुसू? तुम्हाला?"

सगळी सभा हसली. राजा आधी रागावला, मग तोही हसला. त्याने पाळणा दिलाच, आणि दालनाचं कुलूप काढून बघतो तर रवी तडकलेली, नंदीचा कान किडीने खाल्लेला. त्याने ज्याची वस्तू त्याच्या घरी धाडून दिली.

पण हौस का कुठे जाते? वस्तू बघायच्या तर आता राजालाच घरोघर जावं लागे. पाळणा बघायला गेला तेव्हा बाळंतिणीच्या सासूने त्याला पाट दिला आणि म्हणाली, "बसलाच आहात तर जरा दोरी धरा, चुलीवर भात आहे." राजा उठायला गेला की बाळ किंचाळे. बाहेर रथ ताटकळत उभा आणि आत राजा पाळण्याची दोरी ओढतोय.

म्हणून सांगते, जुनी वस्तू वापरात राहिली तरच टिकते, कुलपात ठेवली की तिला कीडच लागते.