कोठीवाला आणि वळू

एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्याला असे वाटू लागले, की मधुमेहावरचा उतारा आपल्याला सापडला आहे. रात्रीचे जेवण टाळायचे, दोन पेले मद्य घ्यायचे, वर नेहमीची गोळी गिळायची. सकाळी यंत्रावर पाहावे तर साखरेचा आकडा चक्क खाली आलेला! स्वारीचे पाय जमिनीवर ठरेनात.

साखर मोजायला वृद्ध वैद्यांचा शिष्य येत असे. तो नवशिका होता आणि आकड्यांवर त्याचा फार जीव. त्या सकाळी शेठजींनी त्याला आपला उतारा सांगितला आणि आकडा कधी नव्हे इतका उतरलेला पाहून तोही हरखला. "शेठजी, उत्तम! असेच चालू द्या," असे बोलून गेला आणि परतल्यावर सारी हकीकत गुरुजींना कौतुकाने सांगू लागला. वैद्यांनी हातातला खल बाजूला ठेवला. "चल, आज शेठजींकडेच जेवू," एवढेच म्हणून त्यांनी पायात वहाणा चढवल्या.

व्यापाऱ्याच्या घरी एक जुनी रीत होती. धान्याच्या कोठीची किल्ली सटवाजी नावाच्या म्हाताऱ्या कोठीवाल्याच्या कमरेला असे. त्याने शिधा काढून दिल्याशिवाय चूल पेटत नसे. मालकिणीनेही कोठीला हात लावायचा नाही. वैद्य फाटकाशी पोहोचले, तेव्हा बाहेर गावातला मोकाट वळू उभा होता. त्यांनी झोळीतली भाकरी दाखवत दाखवत त्याला अंगणात आणले आणि आपण खुशाल ओसरीवर जाऊन बसले. शिष्याला तर घामच फुटला. गुरुजींना आज झाले तरी काय?

वळूने वाळवणात तोंड घातले. सटवाजी काठी घेऊन धावला. वळू गोठ्यामागे पळे आणि फिरून अंगणात येई. सटवाजीचा गुडघा आधीच दुखरा, त्यात एकदा बिचारा आपटलाही. ऊन डोक्यावर आले, तरी स्वयंपाकघरात शिध्याचा पत्ता नाही. पोटात कावळे ओरडू लागले तसा व्यापारी कडाडला, "कोठी तुडुंब भरलेली आणि माझ्या दारी पाहुणा उपाशी! सटवाजी, आधी शिधा काढ!"

"काढू कसा मालक? ह्याला सोडलं तर घरात शिरंल की!" सटवाजी धापा टाकत ओरडला.

तेव्हा वैद्य व्यापाऱ्याकडे वळले. "शेठजी, उजव्या बरगडीखालचे यकृत हा आपल्या देहाचा कोठीवाला. पोट रिकामे असते, तेव्हा साठवणीतली साखर काढून तोच रक्ताला पुरवतो. सरली तर नवी घडवतो. पण मद्य आत शिरले, की आधी ते विष निपटायचे काम त्याच्या मागे लागते आणि शिधा अडतो. तुमची गोळी मात्र साखर उतरवतच राहते. आजचा तो आकडा रोग हटल्याची खूण नव्हे, चूल न पेटल्याची खूण आहे. शिवाय तुमच्या यकृतावर आधीच चरबी चढलेली. वळू रोज आला, तर सटवाजी किती दिवस टिकेल?"

दाराआडून मालकीणबाईंचा आवाज आला. "काल रात्री ह्यांना दरदरून घाम सुटला होता. काहीबाही बरळत होते. मला वाटलं, चढलीय. मी पांघरूण घालून निजवलं."

त्या रात्रीनंतरच्या सकाळीच शिष्य 'उत्तम' म्हणाला होता.

"तुमचा दोष नाही, बाई," वैद्य हळुवारपणे म्हणाले. "नशा आणि साखर घसरणे, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. पुन्हा तसे झाले तर झोपू देऊ नका. शुद्धीत असतील, गिळता येत असेल, तर लगेच साखरेचे पाणी पाजा. शुद्ध हरपली, तर तोंडात काही न घालता तडक इस्पितळ गाठा."

"शेठजी, मी नुसता आकडा पाहिला," शिष्य कसाबसा म्हणाला. "तुमच्याकडे पाहिलेच नाही."

व्यापारी उठला. त्याने आणि शिष्याने मिळून वळूला बाहेर हाकलले. मग त्याने आपल्या हाताने फाटकाची कडी घातली, सटवाजीला ओसरीवर बसवले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"फार दमवलं रे तुला," तो म्हणाला. बोलता बोलता त्याचा दुसरा हात आपल्याच उजव्या बरगडीखाली जाऊन थांबला होता.