सात डोंगरांचे कासव

कोणे एके काळी नदीकाठच्या एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाला एका लाकडी कासवाचे वेड होते.

हे कासव कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातले. लांबी वीतभर, पाठीवरचा हिरवा रंग जागोजाग उडालेला, एक डोळा दुसऱ्याहून मोठा. दर जत्रेत म्हातारा सूत्रधार त्याला सात डोंगरांपुढे आणून उभे करी. डोंगर म्हणजे सात उपड्या परड्या. मग तो दोऱ्या रोखून धरी आणि विचारी, "मारू उडी?" सगळी जत्रा एका आवाजात म्हणे, "मार!" आणि कासव सातही डोंगर ओलांडून जाई. लहानपणी राजा या आरोळीने घसा बसवून घेई. आता त्याची पाच वर्षांची लेक तेच करत होती.

एके दिवशी राजाला एक कल्पना सुचली आणि आनंदाच्या भरात त्याचे जेवणातले लक्षच उडाले. लेकीच्या वाढदिवशी हाच खेळ करायचा, पण खराखुरा. तिने असा आनंद लुटावा, की आपला बालपणीचा आनंदही त्यापुढे फिका पडावा. त्याने सूत्रधाराला बोलावून घेतले.

"आजोबा, आपण कासव जिवंत करणार आहोत."

म्हातारा गोंधळला. "पण महाराज, ते मेलं कधी?"

दरबारात हशा पिकला. म्हाताऱ्याला शब्दाचा अर्थ उमगला नाही, असे वाटून राजाही हसला. बाहुल्यांची पेटी कोठारात ठेवायला सांगून तो तयारीला लागला.

राजधानीत मग दुसरा विषयच उरला नाही. गवंड्यांनी सात डोंगर रचले. त्यांवर खरी झाडे लावली, एकावरून खराखुरा झरा सोडला. कोळ्यांनी डोहातून गाडीच्या चाकाएवढे कासव आणले. त्याला डोंगरांवरून उचलून नेण्यासाठी रेशमी दोर आणि बारा मल्ल सज्ज झाले. दिवस मोजता मोजता राजाच लहान मूल झाला.

तो दिवस उजाडला. पहाटेपासून मैदान फुलले. राजाने स्वतः उठून विचारले, "मारू उडी?" मैदान गर्जले, "मार!"

कासवाने मान आत घेतली. पायही घेतले. मल्लांनी दोर ओढले, तेव्हा विहिरीतून घागर शेंदावी तसे ते वर गेले आणि झाडांच्या फांद्यांत अडकून लोंबकळत राहिले. लोकांनी डोंगर पाहिले, झरा पाहिला, आणि मग पाहण्यासारखे काही उरले नाही. आरोळी आपोआप विरली.

लेकीने बापाचा शेला ओढला. "बाबा, कासव कधी येणार?"

"अगं, हेच ते."

"हे नदीतलं आहे. त्याला घरी जायचंय. आपलं कधी येणार?"

राजाने कासव उतरवून डोहाकडे पाठवले आणि कोठारातली पेटी मागवली. पेटी उघडली, तर उंदरांनी सगळ्या दोऱ्या कुरतडलेल्या. म्हाताऱ्याने निश्चल लाकूड तळहातावर घेतले.

"महाराज, मरणं म्हणतात ते हे."

राजाने मान खाली घातली. मग त्याने आपला राजशेला उसवला, जरीचा एक लांब धागा ओढून काढला आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे धरला. सूत्र हाती येताच म्हातारा पुन्हा सूत्रधार झाला. बाजारातून सात परड्या आल्या. धागा ताठ झाला, मोठ्या डोळ्याचे ते कासव उभे राहिले, आणि मैदानाने श्वास रोखला.

"मारू उडी?"

त्या दिवशी दोघांचे घसे बसले: लेकीचा आणि राजाचा.

बोध एवढाच: जे मनाने आधीच जिवंत केले आहे, ते पुन्हा जिवंत करू जाणारा त्याचा प्राण घेतो.