एकच फोटो बघायला दिला होता

नव्या इंजिनिअर तेजलचं कोणी कौतुक केलं की मुख्य इंजिनिअर सबनीसांच्या पोटात दुखायचं. त्यात पॅथॉलॉजी लॅबच्या मालकीणबाई डॉ. लोखंडे यांना अ‍ॅपसाठी तिचीच रचना आवडली. पेशंटने लॅबच्या अ‍ॅपमधून चॅटवर कोणाला रिपोर्ट पाठवायला घेतला की चॅटच्या अ‍ॅपला तेवढी एकच फाइल उघडता येणार, तीही काम होईपर्यंत.

सबनीसांना ते बघवेना. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "एवढा संशय कशाला? सगळं फोल्डर खुलं ठेवा. माझ्या अ‍ॅपमध्ये तसंच होतं, आणि त्याला अवॉर्ड मिळालंय."

"अवॉर्डचा फोटो दाखवा ना, सर," तेजल म्हणाली.

सर खुलले. त्यांनी फोटो काढून फोन तिच्यापुढे धरला. बघता बघता तिने अंगठ्याने पुढचा फोटो सरकवला, तसा त्यांनी फोन झटकन मागे ओढला.

"हे काय? एकच फोटो बघायला दिला होता."

"माझं अ‍ॅपही एवढंच म्हणतं, सर. आणि त्यात तर लोकांचे रिपोर्ट आहेत."

लोखंडेबाईंनी तिथेच तेजलची रचना मंजूर केली. सबनीसांचा पुढचा फोटो कसला होता, ते मात्र ऑफिसात अजून कोणाला कळलेलं नाही.